माळवदाचा जुना वाडा : रचना, इतिहास व निगा

देशावरील व मराठवाड्यांतील जुन्या खेड्यांत मातीच्या धाब्याचा एखादा तरी वाडा अद्याप उभा असतो. कोठें त्यांत चार-पांच बिऱ्हाडें नांदतात, कोठें म्हातारीं माणसें तेवढीं उरलीं आहेत, आणि कोठें दाराला कुलूप लागून माळवदावर गवत वाढलें आहे. अशा वाड्याविषयीं शेतकरी बंधूंत दोन मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, वाडवडिलांनीं घातलेली दोन हात रुंदीची भिंत शंभर वर्षें हालली नाहीं, ती पुढेंही हालणार नाहीं. दुसरा पक्ष म्हणतो, किल्लारीला काय झालें तें सर्वांनीं पाहिलें. दगडमातीचें घर म्हणजे गळ्यांतली धोंड, तें पाडून स्लॅब घालावा हें उत्तम.

महसूल खात्यांतील कारकुनींत पंचनाम्यांच्या व वाटण्यांच्या निमित्तानें असे पुष्कळ वाडे आंतबाहेर पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. त्यावरून असें वाटतें कीं, वाडा उभा कशावर आहे इकडे दोन्ही पक्षांचें लक्ष नाहीं. पहिला भिंतीच्या जाडीवर विसंबतो, दुसरा भिंतीलाच भितो. परंतु नीट बांधलेला माळवदाचा वाडा भिंतीवर उभा नसतोच. तो लाकडाच्या खांबांवर उभा असतो. भिंत हें त्याचें पांघरूण आहे, सांगाडा नव्हे. ही एक गोष्ट ध्यानांत आली म्हणजे वाड्यांत काय जपावें, काय बदलावें आणि काय करूं नये, हें आपोआप उलगडतें. म्हणून प्रथम त्याची रचना व इतिहास सांगून मग निगेकडे वळूं.

काळी आणि पांढरी

गांवची जमीन दोन नांवांनीं ओळखली जाते : पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. हा भेद केवळ दप्तरांतला नव्हे. काळी जमीन पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून तिला हात-हात खोल भेगा पडतात. तिच्यावर उभारलेली भिंत दरसाल थोडी वर-खालीं होऊन अखेर फुटते. म्हणून जुन्या लोकांनीं गांव वसवितांना मुरमाड उंचवट्याची जागा पाहिली. त्यामुळें पिकाऊ जमीन वांचली, पुराचें पाणी दारांत आलें नाहीं, आणि पायास घट्ट मुरूम मिळाला. त्याच जागेवर पिढ्यानपिढ्या घरें पडत व पुन्हां उभीं राहत गेलीं. पडक्या भिंतींची माती, चुलीची राख, शेण आणि केर यांचे थर साठून जमीन पांढुरकी झाली. हीच पांढरीची माती नव्या भिंतींस व माळवदास कामीं येई, आणि तिच्यांत खताचा अंश असल्यामुळें शेतांतही नेऊन टाकीत.

ही रीत किती जुनी आहे याचा दाखला पुणें जिल्ह्यांतच आहे. शिरूर तालुक्यांतील इनामगांव येथें डेक्कन कॉलेजानें १९६८ ते १९८३ या काळांत उत्खनन केलें. तेथें सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांचीं मातीच्या भिंतींचीं घरें सांपडलीं, आणि धान्य सांठविण्याचीं पेवेंही सांपडलीं. पेशवाई बुडाल्यावर थोड्याच वर्षांत डॉक्टर थॉमस कोट्स यानें पुण्यानजीकच्या लोणी गांवची पाहणी केली. तिचा वृत्तांत मुंबईच्या लिटररी सोसायटीनें १८२३ सालीं छापला. त्यांतही पांढऱ्या मातीच्या कच्च्या विटांचीं, सपाट धाब्याचीं घरें वर्णिलीं आहेत. तात्पर्य, माळवदाचें घर ही गरिबीची सोय नसून, कमी पावसाच्या मुलखानें आपल्या हवामानाला शोधून काढलेलें उत्तर आहे. कोंकणांत किंवा मावळांत तें टिकत नाहीं, कारण तेथील पाऊस मातीचें छप्पर धुऊन नेतो. तेथें उतरत्या कौलांवांचून गत्यंतर नाहीं.

दरवाजापासून परसापर्यंत

सधन कुणब्याच्या किंवा पाटलाच्या वाड्याची मांडणी बहुधा एकाच धर्तीची असते. समोर मोठा दरवाजा; त्याच्या एका फळींत, वांकून आंत जाण्यापुरती, दिंडी. आंतून लाकडी अडसर. तो दिवसा भिंतींतल्या भोंकांत सारून ठेवावयाचा आणि रात्रीं ओढून घ्यावयाचा. दरवाजाच्या आंत दोन्ही बाजूंस देवड्या किंवा ढेलज. परका मनुष्य येथपर्यंत येई. सरकारी शिपाई, व्यापारी, गांवचे बलुतेदार यांची बैठक येथेंच होई, आणि घरांतल्या बायकांच्या कामास व्यत्यय येत नसे.

ढेलजेच्या पुढें उघडा चौक. चौकाच्या भोंवतीं सोपे असतात. एका सोप्यांत बैलांची दावण व गव्हाण, दुसऱ्यांत औतें आणि दोर-नाडे, समोरच्या उंच सोप्यांत घरच्या पुरुषांची बसण्या-उठण्याची जागा. त्यामागें माजघर; माजघराला लागून देवघर, स्वयंपाकघर आणि बाळंतिणीची अंधारी खोली; मागें परस, न्हाणी आणि ऐपत असल्यास आड. चौकामुळें बाहेरच्या भिंतीस खिडकी न ठेवतांही आंत उजेड व वारा येतो. माजघरांत उजेड यावा म्हणून माळवदास वर एक भोंक ठेवतात; त्यास साणें किंवा सवणें म्हणतात. पावसांत तें फरशीनें झांकावयाचें.

बैल घरांत बांधण्याची चाल आज कित्येकांस गैरसोयीची वाटते. परंतु ज्या काळांत बैलजोडी हेंच शेतकऱ्याचें भांडवल होतें, त्या काळीं तें उघड्यावर ठेवणें परवडणारें नव्हतें. रात्रीं बैलाच्या गळ्यांतली घंटा थांबली कीं सोप्यांत निजलेला धनी जागा होई.

धान्य सांठविण्याचे प्रकार तीन. रोजच्या वापराचें तें कणग्यांत. वर्षाच्या बेगमीचें तें बळदांत. बळद म्हणजे भिंतीला लागून बांधलेली बंद कोठी, जींत वरच्या तोंडानें धान्य ओतावयाचें व खालच्या भोंकांतून काढून घ्यावयाचें. आणि दुष्काळासाठीं राखावयाचें तें पेवांत. पेव म्हणजे तोंड अरुंद व पोट मोठें असा जमिनींतला खड्डा. तो आंतून नीट वाळवून, कडब्याचें अस्तर देऊन, ज्वारीनें भरून, वर दगड ठेवून मातीनें लिंपून टाकीत. आंत कोंडलेली हवा धान्याच्या व किड्यांच्या श्वासानेंच दूषित होते आणि कीड मरते. म्हणून ज्वारी वर्षानुवर्षें टिके, जरी तिला पेवाचा वास लागे. परंतु तीच दूषित हवा माणसासही मारते. पेव उघडल्याबरोबर आंत उतरलेलीं माणसें गुदमरून मेल्याचे प्रकार अनेक गांवीं घडले आहेत. जुन्या वाड्याची दुरुस्ती करतांना विसरलेलें पेव लागल्यास तें पुष्कळ वेळ उघडें टाकावें, कंदील दोरीनें आंत सोडून पाहावा, आणि तो विझल्यास कोणींही आंत पाऊल घालूं नये.

खांब, तुळई आणि खण

आतां वाड्याच्या सांगाड्याकडे पाहूं. प्रथम दगडाचें जोतें. जोत्यावर ठरावीक अंतरानें तळखडे, म्हणजे खांबाखालचे घडीव दगड. तळखड्यामुळें खांबाचें बूड जमिनीच्या ओलीपासून व वाळवीपासून दूर राहतें. खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंस हात पसरल्यासारखा लाकडी हस्त, हस्तावर तुळई, तुळयांवर आडव्या कड्या, आणि कड्यांवर पाट किंवा लहान लांकडांची बिछायत. श्रीमंताच्या वाड्यांत हें सर्व काम सागाचें असे. इतरांचें बाभळीचें, लिंबाचें किंवा हातीं येईल त्या टिकाऊ लांकडाचें असे.

दोन तुळयांमधील जागेस खण म्हणतात. जुन्या लोकांत घराचें माप फुटांनीं नव्हे तर खणांनीं सांगत : अमक्याचें घर पांच खणांचें, तमक्याचें नऊ खणांचें. मुलगा मोठा होऊन त्याचें लग्न झालें, हातीं पैसा आला, म्हणजे दोन खण वाढवावयाचे; अशा रीतीनें वाडा कुटुंबाबरोबर वाढत जाई. ही रचना जोडकामाची आहे. लाकूड कुसवांनीं बसविलेलें असल्यामुळें सांगाडा थोडा हालला तरी एकदम मोडत नाहीं.

भिंतीचें तसें नाहीं. जुनी भिंत दोन अंगांची असते : बाहेरच्या व आंतल्या तोंडास दगड रचलेले, आणि मधल्या पोकळींत चिखल व दगडाच्या चिपा भरलेल्या. पुणें, सोलापूर बाजूस खालीं दगड व वर पांढरीच्या मातीचे कच्चे भेंडे अशीही रीत आहे. अशी भिंत ऊन थोपविते, चोर थोपविते, आवाज थोपविते. दुपारीं बाहेर अंग भाजत असतां माजघरांत गारवा असतो तो तिच्यामुळें व माळवदामुळें. परंतु दोन्ही अंगांना एकत्र बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड जेथें घातलेला नसेल, तेथें ती एक भिंत नसून, चिखलाला टेकून शेजारीं उभ्या असलेल्या दोन भिंती आहेत. चिखलांत पाणी मुरलें कीं बाहेरचें अंग फुगूं लागतें. जाडीवर जाऊन फसगत होते ती येथें.

माळवदाचे थर

कड्या-पाटांवर प्रथम लिंबाचा पाला किंवा काटक्या पसरतात. लिंबाचा कडूपणा वाळवीस सहन होत नाहीं असा अनुभव आहे. त्यावर चिखलाचा थर, तो धुमसून घट्ट केलेला. आणि सर्वांत वर खारवट पांढरी माती. ही माती भिजली कीं दाटून बसते व पाणी खालीं जाऊं देत नाहीं. पन्हळीकडे हलका उतार ठेवतात, म्हणजे पाणी तुंबत नाहीं. असें माळवद आगीस भीत नाहीं, त्यावर मिरच्या-कुरडया वाळतात, डाळी पसरतां येतात, आणि उन्हाळ्यांत घरचीं माणसें त्यावर निजतात.

परंतु माळवदाची एक खोड आहे. पावसानें वरचा थर थोडा धुपतो, भेगा पडतात, म्हणून दरसाल मृगापूर्वीं नवी माती टाकावी लागते. जुने शहाणे लोक आधीं जुना भुसभुशीत थर खरवडून काढीत आणि मग नवी टाकीत. पुढें आळस झाला किंवा मजुरी महाग झाली, म्हणजे खरवडणें सुटलें आणि टाकणें तेवढें राहिलें. दरवर्षीं अर्धा इंच माती टिकली तरी चाळीस वर्षांत वीस इंच होते. याचा हिशेब करून पाहावा. दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा जागेवर एक फूट जाडीची माती म्हणजे शंभर घनफूट. दाबलेली माती घनफुटास सुमारें पंचेचाळीस किलो धरली, तर एकूण भार पंचेचाळीस क्विंटल होतो. थर दोन फुटांचा असेल तर नव्वद क्विंटल. म्हणजे ज्वारीचीं क्विंटल-क्विंटलाचीं नव्वद पोतीं त्या एवढ्याशा खोलीच्या डोक्यावर रचलीं आहेत, आणि खालीं मुलें निजलीं आहेत. पाऊस पडून माती भिजली म्हणजे भार याहूनही वाढतो. ज्यानें वाडा बांधला त्यानें कड्या निवडतांना एवढा भार हिशेबांत धरला नव्हता.

वाडा बंदिस्त कां झाला, आणि पुढें काय झालें

उंच आंधळ्या भिंती, एकच दरवाजा, अडसर, दिंडी : हें सर्व केवळ हौसेचें नाहीं. अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या आरंभीं या मुलखानें पुष्कळ धावपळ पाहिली. १८०२ सालीं यशवंतराव होळकराची फौज पुण्यावर आली. पाठोपाठ १८०३ व १८०४ च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. पेंढाऱ्यांच्या टोळ्यांचा धाक तर होताच. गांवाला कूस व वेस आणि घराला वाड्याचा कोट, असें दुहेरी संरक्षण तेव्हां लागे. १८१८ नंतर ही भीति हळूहळू ओसरली. गांवकुसाची डागडुजी थांबली. पुष्कळ ठिकाणीं त्याचा दगड घरांच्या जोत्यांस लागला.

याच सुमारास सारा-पद्धतींतही फेर झाला. गोल्डस्मिड व विंगेट यांची मोजणी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून सुरू झाली आणि तीस वर्षांच्या मुदतीचा सारा ठरला. काळी जमीन नंबरवार मोजली गेली. परंतु बहुतेक खेड्यांतील पांढरी एकत्रच राहिली. घरांच्या जागेस सारा नाहीं, म्हणून प्रत्येक घराचा नकाशाही नाहीं. ही गोष्ट त्या वेळीं सोयीची वाटली. तिचे परिणाम पुढें सांगतों.

पाटलाचा वाडा हा तेव्हां केवळ घर नव्हता. तेथें वसुलीची बोलणीं होत, तंटे तुटत, पाहुणा अंमलदार उतरे. स्वातंत्र्यानंतर हा पाया काढून घेतला गेला. मुंबई राज्यांत कुळकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें रद्द झालीं. मुलकी पाटलाचें पद १९६२ च्या कायद्यानें गेलें. १९४८ च्या कुळकायद्यानें मोठ्या जमिनींचे मालक बदलले. हे बदल योग्यच होते. पण ज्या उत्पन्नावर व मानावर मोठा वाडा पोसला जाई तें राहिलें नाहीं, आणि जो वाडा एका कुटुंबानें बांधला तो चार-सहा कुटुंबांत वांटला गेला. वाड्यांच्या पडझडीचें खरें कारण काळ नव्हे. धनी अनेक झाले आणि छप्पर मात्र एकच राहिलें, हें कारण आहे.

किल्लारीचा धडा

११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हां सातारा बाजूच्या दगडमातीच्या घरांची दुर्बळता दिसून आली होती. परंतु खरा घाला पडला तो ३० सप्टेंबर १९९३ रोजीं. आदल्या दिवशीं गणपतीचें विसर्जन झालें होतें. लोक थकून घरांत निजले होते. पहांटे चारच्या सुमारास लातूर व तेव्हांचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत भूकंप झाला. सरकारी गणतीप्रमाणें सुमारें आठ हजार माणसें मेलीं, आणि बावन्न गांवें दुसऱ्या जागीं वसवावीं लागलीं. भूकंपाचा जोर पाहतां मनुष्यहानि फार मोठी झाली, आणि ती भूकंपानें नव्हे, घरांनीं केली.

नंतर अभियंत्यांनीं पडलेलीं घरें तपासलीं तेव्हां जें आढळलें तें प्रत्येक वाडेवाल्यानें मनांत कोरून ठेवावें. आरपार दगड नसलेल्या जाड भिंतींचीं दोन्ही अंगें एकमेकांपासून सुटलीं व ढासळलीं. जेथें माळवदाचा भार थेट अशा भिंतीवर होता, तेथें भिंतीमागोमाग फूट-दोन फूट मातीचें छप्पर निजलेल्यांच्या अंगावर आलें. उलट, जेथें छप्पर पुरत्या खांब-तुळयांवर होतें, तेथें पुष्कळ ठिकाणीं भिंती पडूनही लाकडी सांगाडा उभा राहिला आणि त्याखालचीं माणसें वांचलीं. भूकंपाचा हिसका वजनाच्या प्रमाणांत बसतो. जितकें डोकें जड तितका धक्का मोठा. तेव्हां दोष मातीचा नाहीं आणि दगडाचाही नाहीं. दोष आहे तो अति भाराचा, न बांधलेल्या भिंतीचा आणि दुर्लक्षित लाकडाचा. हे तिन्ही दोष थोड्या खर्चांत दूर करतां येण्याजोगे आहेत.

मालकानें काय करावें

पहिलें काम, भार उतरविणें. फाल्गुन-चैत्रांत शेतीचीं कामें उरकल्यावर माळवदाच्या कोपऱ्यांत व मध्यें एकेक खड्डा घेऊन मातीची जाडी मोजावी. ती आठ इंचांहून अधिक असेल तर वरची माती काढून टाकावी. काढतांना एका बाजूची सर्व माती एकदम काढूं नये. चारी बाजूंनीं सारखी, थोडी-थोडी उतरवावी, आणि निघालेली माती माळवदावरच ढीग करून ठेवूं नये. कमी केलेल्या थरांत जाड प्लास्टिकचा कागद अंथरून वर माती दाबली, तर गळती थांबते व दरसाल भर टाकण्याची गरज राहत नाहीं. नवी माती टाकावीच लागली तर जितकी टाकावयाची तितकी जुनी आधीं खरवडावी, हा नियम मोडूं नये.

दुसरें काम, लाकूड पाहणें. खांबाचें बूड व भिंतींत गेलेलीं कड्यांचीं टोकें हीं दोन ठिकाणें प्रथम कुजतात. सळईनें टोंचून पाहावें. सळई सहज आंत गेली किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर तें लाकूड बदलावें. खांब व तुळई यांच्या कोनांत दोन्ही बाजूंस तिरपे लाकडी आधार ठोकले आणि सांध्यांस लोखंडी पट्ट्या मारल्या, तर सांगाडा कलंडत नाहीं. सोप्यांतील वाट मोकळी व्हावी म्हणून मधला खांब काढण्याचा मोह अनेकांस होतो. तो कधींही होऊं देऊं नये.

तिसरें काम, भिंत. ओळंबा धरून पाहावें. फुगवटा आला असेल किंवा कोपऱ्यांत उभी भेग असेल तर तो भाग उतरवून पुन्हां रचावा. रचतांना उभ्या दर दोन फुटांस व आडव्या दर चार फुटांस एक आरपार दगड घालावा. उभ्या भिंतींत तीन-तीन फुटांवर आरपार भोंक पाडून, त्यांत दोन्ही टोकांस वांकविलेली लोखंडी सळई घालून काँक्रीट भरण्याची रीत भूकंपानंतर लातूर भागांत वापरली गेली. ती कोणत्याही जाणत्या गवंड्यास समजावून देतां येते. नवें दार किंवा खिडकी कोपऱ्यालगत पाडूं नये. आणि मातीच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा करूं नये. आंतली ओल बाहेर पडत नाहीं, चिखल आंतल्या आंत सुटतो, आणि वरून मात्र भिंत गुळगुळीत दिसते.

चौथें, पाणी. तुटलेली पन्हळ हें वाड्याच्या मरणाचें पहिलें चिन्ह होय. पन्हळीचें पाणी भिंतीच्या बुडापासून दूर पडावें, आणि जोत्याला लागून उकिरडा किंवा सांडपाण्याचा खड्डा असूं नये.

एक गोष्ट मात्र करूंच नये : माळवद काढून, चिखलाच्या त्याच जुन्या भिंतींवर स्लॅब टाकणें. तो पक्कें घर म्हणून मिरवितो, पण त्याचें वजन ज्या भिंतीवर बसतें ती मुळांत भार वाहण्यास बांधलेलीच नव्हती. स्लॅब घालावयाचा असेल तर पायापासून नवें बांधावें. मोठी दुरुस्ती करण्यापूर्वीं अभियंत्यास वाडा दाखवावा. त्याचें शुल्क एका कडीच्या किंमतीहून फारसें अधिक नसतें.

वाटणी आणि नोंद

आतां मघाशीं सांगावयाचा राहिलेला विषय. शेताचा सातबारा असतो. गांवठाणांतील घरास तो नसतो. तेथें पिढ्यान्पिढ्या पुरावा म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ, आणि तो घरपट्टीच्या आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. त्यामुळें वाड्याची वाटणी बहुधा तोंडी होते : दोन खण थोरल्याचे, दोन मधल्याचे, दोन धाकट्याचे. पुढें धाकटा शहरांत जातो, आपले दोन खण मोडून लाकूड विकतो, आणि थोरल्याच्या तुळईचें एक टोक अधांतरीं लोंबकळतें. पावसाळ्यांत मधल्याचें छप्पर बसतें. खटला होतो तो मालकीचा, पण पडलेलें असतें तें सर्वांचें घर.

म्हणून वाटणी करतांना खण मोजून थांबूं नये. कोणती तुळई कोणाच्या भागांतून जाते, कोणते खांब सामाईक आहेत, चौकाची व दरवाजाची वाट कोणाकोणाची, माळवदाची दरसालची निगा कोणी व कोणत्या प्रमाणांत करावयाची, हें नकाशासह वाटणीपत्रांत लिहून नोंदवावें. कोणास आपला भाग उतरवावयाचाच असेल तर शेजारच्या तुळईस आधीं स्वतंत्र खांब द्यावा, ही अट त्यांत अवश्य असावी.

नोंदीच्या कामीं अलीकडे एक सोय झाली आहे. केंद्र सरकारनें २४ एप्रिल २०२० रोजीं स्वामित्व योजना सुरू केली. तीअन्वयें गांवठाणांचें ड्रोननें छायाचित्रण करून प्रत्येक मिळकतीचा नकाशा व मिळकत पत्रिका तयार करतात. महाराष्ट्रांत अशा मोजणीचा पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यांतील सोनोरी गांवीं झाला होता. ड्रोनास वरून माळवद दिसतें, परंतु त्याखालच्या वाटण्या दिसत नाहींत. मोजणीच्या वेळीं सर्व हिस्सेदारांनीं हजर राहून हद्दी दाखविल्या पाहिजेत, आणि पत्रिका हातीं आल्यावर नांवें व क्षेत्र लगेच ताडून पाहिलीं पाहिजेत. नांव राहून गेल्यावर पुढच्या पिढीनें हेलपाटे घालण्यापेक्षां एक दिवस शेत सोडून गांवांत थांबणें स्वस्त पडतें.

जुना वाडा राखावाच असा आग्रह धरण्याचा हेतु नाहीं. ज्याचें लाकूड कुजलें, ज्याच्या भिंती फुगल्या आणि ज्याला धनी उरला नाहीं, तो माणसें असतांना पडण्यापेक्षां माणसें बाहेर काढून उतरविलेला बरा. त्याचा दगड आणि साग नव्या घरास कामीं येईल. परंतु ज्याचा सांगाडा धड आहे, तो निव्वळ भीतीनें पाडूं नये आणि निव्वळ अभिमानानें तसाच ठेवूंही नये. यंदाच्या मृगापूर्वीं एवढें तरी करावें : शिडी लावून माळवदावर चढावें, एका कोपऱ्यांत पहार मारावी, आणि आपल्या मुलांच्या डोक्यावर किती इंच माती आहे तें मोजून पाहावें.